मोरीच्या वळणावरचा चिखल

मी, महिपती हैबतराव बामुगडे, वय वर्षे ७३, धंदा शेती, राहणार कासूजवळ, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. आजवर जबरदस्ती मीच इतरांवर केली. याआधीचा माझा एखादा कागद कोणी पुढे आणला तर तो रद्द समजावा आणि आणणाऱ्याच्या कानाखाली माझ्या वतीने एक द्यावी.

१. राहते घर, गोठा आणि मागचे चार नारळ माझी मुलगी सरू हिला. माझी पत्नी हौसा आठ वर्षांपूर्वी वारली. मुलगा पोपट तिच्याही आधी गेला, त्याचे पुढे लिहिले आहे. चुलतभाऊ दाजी याचा घरावर काडीचाही हक्क नाही. बांध कोरला म्हणून १९८८ साली मी त्याचे दोन दात पाडले, त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

२. पोपटची मोटरसायकलही सरूलाच. ती रोह्याला शाळेत शिकवते आणि गाडी चालवते. मोटरसायकल रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या गोविंदाने आपल्या गॅरेजमध्ये दुरुस्त करून ठेवली आहे. पावसाळ्यात ती चालवायची तर माझ्या अटींवर. टायरची नक्षी झिजली की टायर बदलायचा, उन्हाळ्याची वाट पाहायची नाही. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकटा करकचून दाबायचा नाही. दोन्ही ब्रेक हळूहळू, गाडी सरळ असताना. फाटकात रूळ तिरके ओलांडायचे नाहीत. पुलाच्या लोखंडी सांध्यांवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेकला हात नाही. पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर थांबायचे, उशीर झाला तर झाला. मागे बसलेल्याने छत्री उघडली तर त्याला तिथेच उतरवायचे, मग तो माझा जावई का असेना. आणि मुसळधार पावसापेक्षा भुरभुर वाईट. मोठा पाऊस रस्ता धुऊन काढतो, भुरभुरीत त्याच रस्त्यावर लोणी फासल्यासारखे होते.

हे सगळे गोविंदाने पोपटला शिकवले होते, आणि पोपट ते पाळत होता. हे वाक्य वाचणाऱ्याने दोनदा वाचावे.

३. गोविंदाला मी काही देत नाही, कारण तो घेणार नाही. पोपट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गॅरेजात घुसलो, काचा फोडल्या आणि सायकलच्या चेनने त्याची पाठ सोलली. "गुळगुळीत टायर घातलास माझ्या पोराला!" असे ओरडत होतो. त्याने मला अपघातानंतर तिथे आणून ठेवलेल्या गाडीपाशी खेचत नेले आणि टायर दाखवला. नक्षी नवीकोरी होती. ती डोळ्यांनी पाहिल्यावरही मी त्याला आणखी एक मारली.

४. आता खरे काय झाले ते. जुलै २००४, लावणीचे दिवस. वाडीवरचा गडी वाळू पंधरा पावसाळे माझा पॉवर टिलर चालवत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माझी शेते आहेत. एकीकडची चिखलणी करून टिलर पलीकडे नेला की लोखंडी चाकांचा चिखल डांबरावर पडतो. वाळू दरवेळी तो फावड्याने ओढायचा आणि चार बादल्या पाणी मारायचा. त्या दिवशीही म्हणाला, "मालक, रस्ता धुतो नि मंग फुडं जातो. वळान हाय, कुनीतरी पडंल."

मला घाई होती. लावणीच्या बाया बांधावर खोळंबल्या होत्या. मी म्हणालो, "पावसानं जाईल धुऊन. तुज्या बापानं बांधलाय काय रस्ता? चल!"

पाऊस नव्हता, भुरभुर होती.

थोड्या वेळाने पोपट कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला निघाला. मी बांधावरून पाहत होतो. तो हळू येत होता. वळणावर चाक सरकले, गाडी आडवी झाली आणि तो ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर छातीने आदळला. हेल्मेट डोक्यावर जसेच्या तसे होते. तोंडातून रक्त येत होते. मी पोचेपर्यंत तो संपला होता.

वाळू धावत आला आणि त्याने पोपटचे डोके मांडीवर घेतले. मी टिलर सुरू करायचे लोखंडी हँडल काढले आणि वाळूच्या उजव्या मनगटावर घातले. तीन घाव. पहिला रागाचा होता. पुढचे दोन, त्याने तोंड उघडू नये म्हणून. मी लोकांना सांगितले की वाळूने न विचारता चिखल केला आणि पोपट भरधाव आला. दोन्ही खोटे. वाळूने दवाखान्यात बांधावरून पडलो म्हणून सांगितले. तो हात पुन्हा मिटला नाही. हौसा पोपटच्या फोटोला "माजलास म्हनून गेलास ना रे," असे म्हणत म्हणत वारली. मी शेजारच्या खाटेवर होतो आणि गप्प राहिलो.

५. मोरीलगतचे वीस गुंठे शेत वाळू आणि त्याची बायको आवडी यांना. हे सांगायला मी गेल्या सोमवारी वाडीवर गेलो. आवडी पुढे आली.

"शेत मेल्यावर देशील. नि खरं? त्ये पन मेल्यावर? ह्याचा हात तर जिता असतानाच मोडलास ना?"

माझा हात उठला. तो मी खाली घेतला, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदाच केले.

मग वाळू म्हणाला, "शेताचं ऱ्हाऊ दे. पोपटदादा हळू येत व्हता, येवढं लोकांना सांग. त्याला शिव्या देतात त्या बारा वर्सं ऐकतोय मी. मना नाय ऐकवत."

६. म्हणून कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. उद्या सकाळी दहा वाजता मोरीवर मी ते स्वतः मोठ्याने वाचणार आहे. गावाला दवंडी दिली आहे. सरूला अजून काही ठाऊक नाही. तीही सगळ्यांबरोबर उभी राहून ऐकेल. त्यानंतर तिला माझे तोंड पाहायचे नसेल तर तिने पाहू नये, घर तरीही तिचेच. वाळूला पोलिसात जायचे असेल तर हा कागद माझा कबुलीजबाब समजावा. सरूने त्याला अडवू नये.

स्थळ: कासू
दिनांक: १९ जून २०१६

महिपती हैबतराव बामुगडे (सही)

साक्षीदार:
१. कान्हू धर्मा भोईर, कासू (सही)
२. इंदुबाई शंकर ठाकूर, निवृत्त शिक्षिका, पेण (सही. पोपट यांच्या वर्गात होता. कागद वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या घरचा चहा घेतला नाही.)