पहिल्या नंबरची शाळा पाहून आलो

वसई, ३ डिसेंबर २००३

चि. दिनानाथ यास श्रीपतदादाचे आशीर्वाद. तुझा खोकला आणि वसुंधरेची कंबर कशी आहे ते कळव. माझे गुडघे आहेत तसेच, पण आठ दिवस झोप उडाली होती.

कारण असे. आपल्या केंद्रातल्या नऊ शाळांचा चौथीचा सहामाही निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. आमची शाळा पाचवी. नात रोशनी त्याच वर्गात, तेव्हा पोरीचे पुढे कसे होणार या धास्तीने मी सकाळच्या ग्रामसभेत उभा राहिलो आणि काळूराम गुरुजींना नको नको ते बोललो. (विषय दिवाबत्तीचा चालला होता, पण मला कोणी थांबवले नाही.)

दुसऱ्या दिवशी रोशनीला रिक्षात घालून गोखिवऱ्याच्याही पलीकडे, पहिल्या नंबरच्या शाळेत नेले. बघतो तर चौथीत मुले चार. चारही पास, म्हणून पहिला नंबर. आमचे पंचविसातले वीस पास. वीस मोठे की चार एवढे मलाही कळते, असे मी तिथल्या क्लेमेंटीन बाईंना ऐकवले. त्यांनी शेकड्याचे काहीतरी सांगितले, मी मान डोलावली. मग त्यांनी रोशनीचे प्रगतिपुस्तक मागितले, ते मी ऐटीत पुढे केले. गणितात पन्नासपैकी अकरा, आणि खाली पालक म्हणून माझीच सही. (सही घेताना माझा चष्मा पुसायला म्हणून पोरीने स्वतःकडे ठेवला होता, हे आत्ता ध्यानात येते.) म्हणजे शाळेला खाली ओढणाऱ्या पाचांत एक आमच्याच घरातली.

बाई हसल्या नाहीत, ही त्यांची कृपा. म्हणाल्या, "काका, घेऊ की हिला. फक्त आमचा नंबर घसरला तर इकडे ओरडायला येऊ नका."

रोशनी दाराशीच अडून बसली होती. म्हणाली, "मी नाही येणार इथे. गुरुजी आम्हा पाच जणांना शाळा सुटल्यावर तासभर शिकवतात. काल सकाळी तुम्ही एवढं बोललात, तरी संध्याकाळी शिकवलं."

तिला घेऊन परत आलो. आता रोज तिला आणायला म्हणून जातो आणि तो तासभर मागच्या बाकावर बसतो. काल तिची सहापैकी पाच गणिते बरोबर आली.

तुझा,
श्रीपतदादा

ता.क. काळूराम गुरुजी तुझे विद्यार्थी. माझ्या वतीने माफीच्या दोन ओळी त्यांना लिही. मी समोर गेलो की हवापाण्यावरच बोलत बसतो.

दुसरा ता.क. खरे काम राहिलेच. पंचविसातले वीस म्हणजे शेकडा किती, ते पायऱ्या दाखवून उलटटपाली कळव. गुरुजींनी मलाही घरचा अभ्यास दिला आहे. रोशनीला उत्तर येते, पण विचारले की म्हणते, "आधी तुम्ही करून दाखवा, आजोबा."