बैठकीच्या दारातला उजेड

पुणे,
१७ जानेवारी १९८८

प्रिय दादास,

धुरपदाचा नमस्कार. संक्रांतीचं पत्र मिळालं. वहिनींनी घातलेले तीळ वाटेतच पुडीतून सांडले होते, ते मी पाकीट झटकून, वेचून खाल्ले. तेवढी संक्रांत गोड झाली. मी खुशाल आहे. पूर्णेला थंडी कशी आहे? लोको शेडमध्ये तुम्हाला निदान ऊब तरी असेल.

तू विचारलंस, कॅमेऱ्याचं बटण दाबायला दोन वर्षं काय शिकायचं असतं. उद्या मी म्हटलं, इंजिन काय, रुळावरूनच तर चालायचंय, तर तुला कसं वाटेल?

आता शेवटच्या वर्षी प्रत्येकाने व्यक्तिचित्रांचा एक प्रकल्प करायचा आहे. वर्गात कुणी गवई घेतलेत, कुणी नाटकातली माणसं. मी आपलं गाव घेतलं. देवस्थळी सरांनी विचारलं, "गावात बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "माणसं." सर हसले आणि वहीत माझ्या नावापुढे 'मंजूर' लिहिलं.

त्यांचं शिकवणं मला फार आवडतं. ते म्हणतात, व्यक्तिचित्र दोघांचं असतं. समोरचा माणूस काय द्यायला तयार आहे आणि आपण काय घ्यायला तयार आहोत, त्या दोन्हींचं मिळून ते बनतं. दुसरं सावलीचं. चेहऱ्याची एक बाजू उजेडात ठेवली की दुसरी सावलीत जाते आणि चित्राला खोली येते. पण कुठली बाजू सावलीत टाकायची ते फोटो काढणारा ठरवतो.

दिवाळीत काढलेला आबांचा फोटो मी वर्गात दाखवला. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "डावा अर्धा चेहरा पार काळा केलास. का?"

"उजेडच तसा होता, सर."

"उजेड आपणहून तसा नसतो. तू तसा घेतलास."

तेवढ्यात घंटा झाली.

महिनाअखेर गावी जाते आहे. संस्थेचा यशिका कॅमेरा मिळणार आहे, तिकाटण्यासकट, म्हणजे तीन पायांच्या स्टँडसकट. माय बरी आहे. आबाही बरे आहेत. वहिनींना नमस्कार, छकुलीला पापा.

तुझी,
धुरपदा


आपलं गाव,
८ फेब्रुवारी १९८८

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. हे पत्र बैठकीत बसून लिहिते आहे. समोर रिकामी खुर्ची आहे, मागे पांढरी भिंत. मायने स्वतः चुना लावून दिली.

खुर्ची बैठकीतच का, ते सांगते. तिचं दार उत्तरेला उघडतं, त्यामुळे थेट ऊन कधी आत येत नाही. नुसता उजेड येतो, मऊ, दिवसभर सारखा. स्टुडिओतले दिवे त्याच्यापुढे काही नाहीत. मी ठरवलंय, सगळ्यांना एकच खुर्ची, एकच भिंत, एकच उजेड. मग चित्रात जो फरक दिसेल तो माणसाचा असेल, त्याच्या घराचा किंवा जमिनीचा नाही.

काम झोकात सुरू झालं. राधाकिशन दुकानदार टोपी घालू की नको यातच अर्धा तास घालवून गेला. कडूबाई ऊसतोडीला गेली आहे, ती परतली की तिचा काढीन. दत्तरावकाका न बोलावता आले आणि मिशीला पीळ देऊन बसले. त्यांच्याकडे बघताना मला तू आठवलास, हे वेगळं सांगायला नको. पोलिसांसमोर तू सगळ्यात आधी त्यांचंच नाव घेतलं होतंस. मी मात्र त्यांनाही बाकीच्यांसारखाच उजेड दिला.

अडलं ते तानुबाईपाशी. तिच्याशिवाय गावाचा प्रकल्प मला मान्य नाही. मी बौद्धवाड्यात गेले. ती दारात सरपण फोडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोटू काढ की. हितं काढ."

मी खुर्चीचं, उजेडाचं सांगितलं.

"त्या बैठकीत? तुझ्या बापानं बलावलंय का?"

"मी बोलावतेय ना."

"तू चार दिसांनी पुन्याला जाशील. मला हितंच ऱ्हायचंय. आबासाहेबानं सोता म्हनलं तर येते. न्हाई तर न्हाई." आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.

तिचं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. घरी येऊन आबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आबा हल्ली बैठकीतच बाजेवर असतात, त्यामुळे माझा सगळा कारभार त्यांच्या समोरच चालतो. शेत सूर्यभान बघतो, मायच्या भावाचा मुलगा. हरभरा बरा आहे.

पुण्याची सुट्टी वाढवून घेतली आहे. तानुबाईचा फोटो घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलंय. बाकी पुढे लिहीन.

तुझी,
धुरपदा


आपलं गाव,
२६ फेब्रुवारी १९८८

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण त्या वाचून मी मायच्या मागे चुलीपाशी जाऊन बसले. 'सूर्यभान शेत का बघतो? आबांना काय झालंय ते सरळ लिही.'

सरळ लिहिते. दिवाळीच्या आधी आबा कापसाच्या रानात पडले. डावं अंग गेलं. परभणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. जीव वाचला, पाय थोडा सुधारला, हात अजून तसाच आहे. डाव्या बाजूने तोंड वाकडं झालंय, डोळा नीट मिटत नाही. जीभ थोडी वळायला लागल्यावर त्यांचं पहिलं धड वाक्य होतं, "भुजंगला कळवायचं न्हाई." मायने मला शपथ घातली. म्हणून मी तुला कळवलं नाही, आणि दिवाळीच्या फोटोत ती बाजू काळी केली. सरांना उजेडाचं सांगितलं, तुला 'बरे आहेत' लिहिलं. आता शपथ मोडली आहे. मायला सांगूनच मोडली. ती म्हणाली, "लिव. मला बी वझं झालंय."

पण हे पत्र नुसत्या आजारपणाचं नाही. पुढे जे घडलं ते तू बसून वाच.

तानुबाईचा निरोप देऊन दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "धोतर दे. काठी दे." मी खांदा पुढे केला तर काठीनेच बाजूला सारला. पाय ओढत, थांबत, ते चावडीवरून बौद्धवाड्याकडे निघाले. आजारपणानंतर पहिल्यांदाच घराबाहेर. पारावरची माणसं उठून उभी राहिली. दत्तरावकाकांनी हटकलं, "आबासाहेब, तिकडं कुठं?" आबा थांबले नाहीत.

तानुबाई दारातच होती. आबांचे शब्द हल्ली जड येतात, त्यांनी एकेक जुळवून म्हटलं, "बसायला ये. पोरीनं खुर्ची मांडलीय."

"धा वर्सं लागली खुर्ची मांडायला," ती म्हणाली.

"लागली."

"उंद्या येते."

आली. निळं लुगडं नेसून, मोठं कुंकवाविना कपाळ, डोक्यावरून पदर. उंबरा ओलांडला, पण खुर्चीपाशी न जाता आधी आबांच्या बाजेसमोर उभी राहिली. मी कॅमेऱ्याला हात लावून नुसती ऐकत होते.

"तोंड वाकडं झालं तुमचं, आबासाहेब."

"झालं."

"माजं घर पेटलं तवा तुमी हितंच व्हता. ह्याच बैठकीत."

"व्हतो."

"दार लावून घेतलं व्हतं."

आबांनी उजव्या हाताने बाजेची दोरी धरली. "व्हय," ते म्हणाले. "आतून कडी घातली व्हती."

दादा, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मी बारा वर्षांची होते. त्या वेळचं मला धूर आणि मायचं रडणं एवढंच आठवतं. तू जाळपोळीची साक्ष दिलीस, आरोपी पुढे सुटले, आबांनी तुला दारात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं, हे मी मोठी होता होता तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. कडीचं मात्र आजवर कुणीच बोललं नव्हतं. तुला ठाऊक होतं का? असणारच. म्हणूनच आबांना तू नजरेसमोर नको होतास, असं आता वाटतं.

तानुबाईने माफ केलं वगैरे काही म्हटलं नाही. तिला जे ऐकायचं होतं ते ऐकलं आणि खुर्चीत जाऊन बसली. पाठ ताठ, हात मांडीवर.

"हासू का?" तिने मला विचारलं.

"तुमच्या मनावर."

"मग न्हाई हासत."

यशिका पोटाशी धरून वरून काचेत बघायचा असतो, त्यामुळे माझं तोंड तिला दिसत होतं, तिचं मला. मध्ये काही आड नव्हतं. काय द्यायचं ते तिने ठरवलं होतं, मला फक्त घ्यायचं होतं. त्या वेळी सरांचं सगळं शिकवणं माझ्या हातात उतरलं. एवढा चांगला फोटो मी याआधी काढला नव्हता, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून लिहिते.

उठताना तिने आबांच्या देखत विचारलं, "भुजंग कसा हाय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरा आहे. पूर्णेला असतो. मुलगी झाली, चार वर्षांची आहे."

"त्येला माजा फोटू धाड. म्हनावं, बघ तानुबाई कुठं बसलीय."

ती गेल्यावर आबा म्हणाले, "माजा बी काढ."

मी आणि मायने त्यांना खुर्चीत बसवलं. सवयीने मी खुर्ची अशी वळवली की उजवी, चांगली बाजू दाराकडे येईल. मागे सरून काचेत बघते तर चेहरा फिरलेला. या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून मला आधी माझीच चूक वाटली. मान वर केली. आबांनी अंग ढकलून डावी बाजू दाराकडे केली होती. वाकडा ओठ, न मिटणारा डोळा, सगळं उजेडात.

"आबा, इकडून चांगला येईल."

"हिकडूनच काढ. त्येला कळू दे."

कुणाला, ते मी विचारलं नाही. माय भिंतीशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दत्तरावकाका तणतणत आले. त्याच खुर्चीत ती बसली म्हणून त्यांना आपला फोटो प्रकल्पात नको होता. त्यांचा रोल मी आधीच धुऊन आणला होता, त्यातली त्यांची निगेटिव्ह कापून त्यांच्या हातात दिली. जबरदस्तीने कुणाला खुर्चीत ठेवायचं नाही. ते काही वेळ ती पट्टी धरून उभे राहिले, बहुधा मी वाद घालीन असं त्यांना वाटलं होतं. मग गेले.

मग सेलूच्या स्टुडिओत जाऊन तानुबाईचा आणि आबांचा रोल धुतला, तिथल्याच डार्करूममध्ये दोन प्रिंट काढल्या. दोन्ही सोबत आहेत. आबांची बघताना तुला त्रास होईल. पण नीट बघ. मी यात काहीही सावलीत टाकलेलं नाही.

तू ये असं मी लिहिणार नाही. तुला दार बंद झालं ते तू खरं बोललास म्हणून. आता यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. घडलं तेवढं मात्र सांगते. काल संध्याकाळी आबांनी सूर्यभानला विचारलं, पूर्णेहून सेलूला येणारी गाडी किती वाजता असते. त्याने सांगितलं. आज सकाळी मला तेच विचारलं. मीही सांगितलं. दुपारी मायला विचारलं.

वहिनींना आणि छकुलीला मायचा आशीर्वाद. आबांचाही लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं. ते दाराकडे बघत होते. नको म्हणाले नाहीत.

तेव्हा आबांचा आशीर्वाद,
तुझी,
धुरपदा