बावीसपैकी चौदा

२९ सप्टेंबर १९४६, रविवार
कालच्या कॉलेजच्या फुटबॉल सामन्याची फिल्म धुतली. दोन ठिकाणी ओरखडा — कॅमेऱ्याचा दोष, माझा नाही. कोच हॉलस्टेड ती भिंतीवर तीन-तीनदा पाहतो. मुकी फिल्म, प्रोजेक्टरची घरघर आणि त्याच्या शिव्या. युद्धात मी टेहळणी विमानांतून काढलेले फोटो धुवायचे. पूल आहे की पडला, एवढंच सांगायचं. आता एका चेंडूसाठी चिखलात लोळणारे घोडे मोजते.

लिओ ग्रबोव्स्की दारातून डोकावला. "काय बाई, आज किती मुडदे धुतलेत?" संघातला गार्ड, म्हणजे पुढे राहून वाट मोकळी करणारा. बेल्जियमच्या बर्फात दोन बोटं ठेवून आलेला. बायको-पोरासकट कॉलेजच्या ट्रेलरमध्ये राहतो. 

६ ऑक्टोबर
वेन टॉलिव्हर स्वतःचा फोटो बघायला आला. चेंडू बगलेत मारून पळणारा तो हाच. एकवीस वर्षांचा, धडधाकट, आणि एक दिवस युद्धावर गेला नाही! बापाची कागदाची गिरणी आहे. वशिला लावला, असं गाव म्हणतं. माझा भाऊ रसेल विसाव्या वर्षी युद्धात मारला गेला.

"दार लावा," म्हटलं. पाठमोराच उभा राहिला. पुन्हा सांगितलं. ढिम्म. उद्धट.

१३ ऑक्टोबर
लिओने पुढे धावून समोरच्याला रेटायचं, वेनने त्या वाटेने घुसायचं. कोचची नवी युक्ती — ऐनवेळी बाजू बदलायची झाली तर लिओने ओरडायचं, मग दोघांनी दुसरीकडून जायचं. काल घरच्या भरल्या मैदानावर चार वेळा लिओ एकीकडे धावला, वेन दुसरीकडे. एकटा. तिघांच्या तावडीत. एक दात गेला.

कोच वेनवरच खेकसला: "डोळे आहेत की बटणं?"

लिओ बाहेर व्हरांड्यात म्हणाला, "गिरणीवाल्याच्या पोराला चाटू दे थोडा चिखल." सगळे हसले. सगळे सैन्यातून आलेले.

ही चारही दृश्यं वेगळी काढून ठेवली.

२० ऑक्टोबर
परगावी सामना. धो धो पाऊस, प्रेक्षक चाळीससुद्धा नाहीत. एकही चूक नाही. मग जमतं की!

२७ ऑक्टोबर
घरच्या मैदानावर नऊ हजार माणसं. पुन्हा पाच वेळा तेच. वेनला दोघांनी उचलून नेलं.

३१ ऑक्टोबर
सरावाला जाऊन उभी राहिले. बघायला दुसरं कुणी नाही. ती युक्ती अठरा वेळा पाहिली. लिओ एकदाही चुकला नाही. म्हणजे जमतं. म्हणजे मुद्दाम.

३ नोव्हेंबर
काल घरच्या मैदानावर आणखी पाच. घरच्या सामन्यांत वेन लिओच्या मागून बावीस वेळा धावला, चौदा वेळा एकटा पडला. दुसऱ्या धावणाऱ्याबरोबर लिओच्या चुका एकतीसपैकी दोन.

वेन मला आवडत नाही. पण आकड्यांना आवडनिवड नसते.

११ नोव्हेंबर
पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाचा दिवस. गावभर झेंडे. सकाळी अहवाल कोचच्या टेबलावर ठेवला. दुपारी त्याने आम्हा तिघांना बोलावलं.

लिओ: "मी ओरडलो होतो! दर वेळी! हाच उलटा पळतो!"

मी म्हटलं, फिल्मवर तसं काही दिसत नाही. खरंच दिसत नाही. कॅमेरा वर छपरावर, तोंडं मुंगीएवढी.

"शेजारी खेळणाऱ्यांना विचारा ना!"

"तुम्ही सैन्यातले सगळे एकाच माळेचे मणी," कोच म्हणाला. मग वेनकडे वळला. "ओरडला होता हा?"

वेनने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. नाही, अशी मान हलवली.

लिओ संघाबाहेर. ट्रेलर संघाच्या खेळाडूंसाठीच, तोही महिनाअखेर रिकामा करायचा. जाताना माझ्यासमोर थांबला. "तुझ्या भावाच्या शेजारी मी खंदकात बसलो असतो, बाई. या पोराने बसून दाखवावं."

मी वही मिटली.

१७ नोव्हेंबर
लिओची बायको वाण्याकडे भेटली. माझ्या पायाशी थुंकली. मी पाव घेऊन आले.

२९ नोव्हेंबर
काल हंगामातला शेवटचा सामना. वीस-सात! नवा गार्ड, कोचने ते ऐनवेळचं ओरडणंच बंद करून टाकलं. चुका शून्य. पोरांनी वेनला खांद्यावर घेतलं. रात्री सणाच्या जेवणात कोचने टर्कीची तंगडी माझ्या दिशेने नाचवली. "मिस ऍडलर, हा सामना तुम्ही जिंकलात!"

शून्य. आणखी काय पुरावा हवा?

३ डिसेंबर
वेन फोटोची प्रत न्यायला आला. लाल दिव्यात माझ्या उजवीकडे उभा, पंख्याची मोठी घरघर चालू. फिल्मच्या डब्याचं झाकण माझ्या हातून सिमेंटवर पडलं — मीच दचकले. त्याची पापणीही हलली नाही. उचललं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा टाकलं, त्याच्या डाव्या टाचेमागे. काही नाही.

समोर गेले. "सैन्याने का नाही घेतलं तुम्हाला?"

त्याने डाव्या कानाला हात लावला. "उजवाही अर्धाच. शांत असलं की भागतं, नऊ हजारांच्या गोंगाटात काही नाही. सांगू नका. पळपुटा म्हणू देत, पण हे कळलं तर चेंडू काढून घेतील."

"आणि लिओ?"

त्याने फोटो कोटाच्या आत सरकवला आणि गेला.

ग्रबोव्स्कींनी ट्रेलर शनिवारीच रिकामा केला. कुठे गेले, कुणाला माहीत नाही. अहवालाची माझी प्रत काढली. शेवटची ओळ: 'ग्रबोव्स्की ओरडल्याचा पुरावा नाही.' खाली माझी सही.