‘पळोवया’ म्हणजे होकार?

मंगळवार, पेडणे

डोकं अजून बधिर आहे. पुण्याच्या साहेबांनी आज आमच्या सॉफ्टवेअरच्या पुढल्या विक्रीचा अंदाज दाखवला. सगळ्या धंद्यांत काजू कारखाने पहिले! खाणीच्या ट्रकवाल्यांच्याही वर! कसं शक्य आहे? मी त्यामागच्या ‘सॉफ्टवेअर घ्याल का?’ या सर्व्हेतली उत्तरं उघडली. कोरगावचा कारखानदार, माझा सख्खा काका: "पळोवया." त्याचा शेजारी: "पळोवया." सर्व्हेवाल्यांनी त्याचं ‘बघूया’ केलं आणि होकारात धरलं. अरे देवा! स्थळ नाकारतानासुद्धा आम्ही पळोवयाच म्हणतो! तोंडावर नाही कोण म्हणणार?

हेच सांगायला साहेबांकडे धावलो, तर त्यांनीच विचारलं, "काजूचं टार्गेट तुम्ही घेताय ना?"

माझ्या तोंडून निघालं, "पळोवया, सर."

त्यांनी खूश होऊन माझी पाठ थोपटली.