दुसरा चहा

गुरुजी, तक्रार गंभीर आहे. आमच्या घरात एकदा मागितलेला चहा हल्ली दोनदा येतो. पहिला कप रिकामा करून मी शार्दूलविक्रीडिताच्या तिसऱ्या चरणात शिरतो न शिरतो, तोच दुसरा कप हजर. वर बायको म्हणते, "घ्या, मघापासून लिहायलात, चहासुद्धा मागितला नाही." या विघ्नावर शास्त्रात उतारा सापडत नाही.

लिहितोय मंगलाष्टकं. तुम्ही शिकवलेल्या संस्कृतावर मला शाळेत पगार मिळाला, पण मान मिळाला तो या अष्टकांमुळे. दोन्ही घरच्यांची नावं वृत्तात बसवून द्यायची आणि मांडवात म्हणायची. परवा बोरीहून एका नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. "सर, थोरल्या मामाचं नाव राह्यलं की वो! लय रुसून बसलेत ते." मी म्हणालो, मामांच्या नावात एक अक्षर जास्त होतंय. "मग कापा की थोडं." नाव की मामा, ते मी विचारलं नाही.

लिहिताना शेजारी रिकामा पाट अजून मांडतो. परभणीतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही वरणाला फोडणी देताय, मी समोर बसून श्लोक जुळवतोय आणि ओळ अडलीय. पळी न थांबवता तुम्ही विचारता, "मन कुठंय?" "फोडणीत, गुरुजी." मला वाटलं, आता पळी पाठीत. तुम्ही भिंतीशी उभा केलेला पाट ओढून माझ्या शेजारी टाकलात. "तिला इथं बसव. हाकलू नकोस, हाकललं की दारातून हाका मारत राहते. म्हणावं, बस, एवढी ओळ झाली की तुझ्याकडं बघतो." ओळ जुळली. वरण खारट होतं, हे आता सांगायला हरकत नाही. त्यानंतर त्या पाटावर पुष्कळ मंडळी बसली: बदलीची भीती, शेजारचा लाउडस्पीकर, दुखरा गुडघा, एका वर्गमित्राचा पुरस्कार. पुरस्कार जरा जास्तच वेळ बसला. पण ओळ होईपर्यंत बहुतेक जण आपणहून उठून गेले.

यंदा लग्न आमच्याच मुलीचं आहे, आणि ते आठवड्यावर आलंय. लोकांच्या मुलींसाठी एका बैठकीत सगळं होतं. हिचं पहिलं कडवंच पुढं सरकत नाही. तिनं फोनवर आधीच बजावलंय, "बाबा, माझ्या वेळेला लोकांची उरलेली कडवी चिकटवू नका हं." पाट मांडलेला आहे. पण सध्या जो विचार येतो तो पाटाकडं बघतही नाही, सरळ मांडीवर येऊन बसतो.

काल बायको दुसरा चहा घेऊन आली. वाकून कागद वाचला, "छान जमायलंय," म्हणाली. मग अगदी सहज विचारलं, "कुणाच्या मुलीचं आहे?" तिला थट्टेची सवय, म्हणून मी हसलो. ती हसली नाही. उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी म्हणालो, "आपल्या." "हो की," म्हणाली, आणि भरलेला कप तसाच उचलून आत गेली.

तुम्ही गेलात तिथं हे पत्र पाठवायची सोय नाही, ते बरंच आहे. मुलीला मी अजून काही बोललो नाही, डॉक्टरांकडंही गेलेलो नाही. शेवटचं कडवं म्हणून मी थांबेन, सगळे अक्षता टाकतील, आणि हातातल्या अक्षता तशाच धरून बायको मला हळूच विचारेल, कुणाचं लग्न आहे. मला त्याची भीती वाटते, गुरुजी.