रकान्यातलं साधं पाणी

माय, काल अंबाजोगाईत पशुखाद्याच्या दुकानात कोंबड्यांच्या उन्हाळी पावडरीचा चकचकीत डबा दिसला. उगाच पाठचं वाचलं. क्षार, साखर, क जीवनसत्त्व. म्हणजे तुझंच लिंबू, गूळ आणि मीठ, फक्त सुटाबुटातलं. हसू यायला हवं होतं. पण लोकांना हसवण्याचा धंदा करून करून आता स्वतः हसायचा कंटाळा आलाय.

त्या दुष्काळात गावाला टँकर होता आणि आपल्या महिला पोल्ट्री संस्थेला चेअरमन. संस्था बायकांची, चेअरमन मात्र बाप्या. टँकर निदान काहीतरी घेऊन यायचा. एकदा चेअरमनही आले, नवी पावडर घेऊन. तुझ्याकडे मरतूक सगळ्यांत कमी, म्हणून चाचणीला आपलीच शेड. मधोमध जाळी लावली. डावीकडच्या ब्रॉयलर पिलांना पाण्यातून पावडर द्यायची, उजवीकडच्यांना साधं पाणी. मी कॉलेजात जाणारी, म्हणून तक्ता माझ्या हाती.

तिसऱ्याच दिवशी तू भाकरीच्या परातीत लिंबं पिळत बसली आहेस. पत्रे तापलेत, उजवीकडची पिलं चोची वासून, पंख पसरून पडलीत. मी ओरडते, "माय, काय करायलीस? चाचणी हाय ही!" तुझा हात थांबत नाही. "एका पंगतीत बसवून एकाला वाढायचं अन् दुसऱ्याला न्हाई, हे माझ्याच्यानं व्हत न्हाई. लिही की तक्त्यात, लिंबू-गुळाचं पाणी पाजलं म्हणून. चोरी हाय का?" मी मान डोलावली आणि रकान्यात लिहिलं, साधं पाणी. छापील इंग्रजी तक्ता, तो बघायला शहरातून डॉक्टर येणार. त्यात गूळ लिहायची मला लाज वाटली.

दोन्हीकडची पिलं वजनाला सारखीच भरली. पावडरीनं काही फरक पडत नाही, असा ठराव झाला आणि ती बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात बायकांच्या शेडमध्ये एकाच दुपारी मेलेल्या पिलांचे ढीग लागले. बैठकीत तू उभी राहिलीस. "मागल्या साली उजवीकडं मी लिंबू-गूळ पाजला व्हता, म्हणून जगली ती. सगळ्याजणी तेच पाजा. तक्त्यात हाय." चेअरमननं तक्ता माझ्यापुढं सरकवला. "वाचा ताई, तुमचंच अक्षर हाय." मी वाचलं, "साधं पाणी." बायका तुझ्याकडं बघायला लागल्या. तू माझ्याकडं बघितलंस, अगदी थोडं. "मंग मीच इसरले आसंन सांगायला," म्हणालीस आणि खाली बसलीस. चेअरमन म्हणाले, "मावशी, घरगुती उपायानं मेली तर जबाबदारी कुणाची?" दुसरं काहीच नाही म्हणून बायका तीच बंद केलेली पावडर परत यायची वाट बघत राहिल्या. आठवड्यात आपली सोडून बाकी शेडा रिकाम्या झाल्या. घरी येताना तू एवढंच म्हणालीस, "ऊन लई हाय, डोक्यावर पदर घे."

तू विसरली नव्हतीस, माय. तू सांगितलं होतंस, मी लिहिलं नाही. त्यानंतर आयुष्यभर मी सरकारी अहवालांतल्या थापा शोधून लोकांना हसवत आले. नजर तिखट आहे म्हणतात माझी. हे पत्र कुठं पाठवणार? आणि तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं असतं. त्या रकान्यापाशी आल्यावर मी ती ओळ गाळली नसती, याची मला आजही खात्री नाही.