खुर्चीला बांधलेली आई

लिपोवेत्स, स्लोवाकिया
७ ऑक्टोबर २००३

चि. रेनातास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. शुक्रवारी माझ्या सांगण्याप्रमाणे, डोरोत्का बालवाडीत गेल्यावरच तू गाडीत बसलीस ते बरं केलंस, रडारड वाचली. दुपारी आल्यावर तुझ्या लेकीने तुला दोनदा घरभर शोधलं, मग गुपचूप खसखशीच्या शेवया खाल्ल्या. पोर शहाणी आहे.

त्या हेडविगाबाईंच्या बालवाडीचं मात्र काय सांगू! पाच वर्षांची पोरं खऱ्या सुरीने कोबी चिरतात, मीठ मुठीने मोजतात आणि खारवायला पिंपात दाबून भरतात. अक्षराचा पत्ता नाही. मी म्हटलं, कोबीच चिरायचा तर माझ्या घरी पाठवा, हिवाळ्याची बेगमी तरी होईल. त्यावर बाई हसून म्हणाल्या की तुम्हीच या, हात कमी पडताहेत. आपली डोरोत्का कशालाच हात लावत नाही. अंगातला कोटसुद्धा न काढता खिडकीशी बसून असते. थंडी वाजत असेल.

नोकरी म्हणून जिची शुश्रूषा करायला गेलीस त्या म्हातारीला सांभाळ, स्वतःलाही.

तुझी आई,
गिझेला

ग्राझ, ऑस्ट्रिया
१३ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

म्हातारी बरी आहे. मला जर्मन गाणी शिकवते आणि चुकले की चिमटा काढते.

पण आई, डोरोत्काला थंडी वाजत नाही गं. रविवारी फोनवर ती बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. पोर शहाणी आहे म्हणतेस; पाचव्या वर्षी इतकी शहाणी कशी? बाईंकडे एकदा जा. भांडायला नव्हे, विचारायला.

तुझी,
रेनाता

लिपोवेत्स, २० ऑक्टोबर

चि. रेनातास अ. आ.

गेले होते. बाईंनी मला एवढ्याशा खुर्चीवर बसवलं, गुडघे हनुवटीला लागले, आणि गप्प बसून मुलांची भातुकली बघायला सांगितलं. डोरोत्काने व्हिएर्का नावाच्या मैत्रिणीला आई केलं आणि ॲप्रनच्या नाडीने खुर्चीला बांधून टाकलं. घट्ट नाही, हळूच, दोन गाठी. मग तिचे केस विंचरले, बटणांचं सूप भरवलं.

मी बाईंवर उखडले, की असलं बांधणं तुम्ही चालू कसं देता? त्या म्हणाल्या, तोंडाने सांगता येत नाही ते लेकरू हातांनी मांडतंय, ते हात आपण धरायचे नाहीत. कोट का काढत नाहीस असं त्यांनी तिला विचारलं होतं. आई जायला लागली तर पटकन मागे धावता यावं म्हणून, असं ती म्हणाली.

रेनाता, खरं सांगते. रडारड वाचवली ती पोरीची नव्हे, माझी. तू निघतेस तेव्हा मला तुझ्याकडे बघवत नाही. वर तिचं रडणं कुठून सोसू? म्हणून तिला फसवलं. चुकले मी. पुढच्या खेपेला तिच्यादेखत नीघ.

तुझी आई

ग्राझ, २६ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

शुक्रवारी पोचते. तुझ्यावर राग नाही. तसं निघून जाणं मलाही सोपं वाटत होतंच ना? चौदा नोव्हेंबरला परत जायचंय, हे आल्या आल्या तिला सांगेन. भीती एकच, ती रडायला लागली की माझा पाय गाडीत पडायचा नाही. तेव्हा तू मला ढकल.

तुझी,
रेनाता

लिपोवेत्स, १४ नोव्हेंबर

चि. रेनातास पोटभर आशीर्वाद.

तू अजून वाटेत असशील, पण लिहिल्यावाचून राहवेना. गाडी वळणाआड गेली तरी डोरोत्का रडतच होती. किंचाळली, मला बुक्क्या मारल्या. पाववाली दुकानाबाहेर येऊन बघत राहिली. मीही रडले, लाज सोडून, पोरीच्या देखत. मग तिने बाहीला नाक पुसलं आणि बालवाडीला उशीर होतोय म्हणून मलाच दटावलं.

बालवाडीच्या दारात मात्र अडली. सुट्टी झाल्यावर आजी असणार, की तीही जाणार, असं तिने मला सरळ विचारलं. मी असेन म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि आत गेली. खिडकीतून दिसतंय, कोट काढून, बाह्या वर सारून कणीक मळतेय.

अक्षर वाकडं आलंय, बोटं गारठलीत. सुट्टी तीनला होते. आत्ता अकरा वाजलेत, आणि मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

तुम्हा दोघींची,
गिझेला